तक्रार ऐकल्यावाचून आरती नाही



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शिरढोणपासून जवळच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. रात्रीच्या कीर्तनाला आलेले महाराज अभ्यासू होते, गळाही गोड. अभंग तुकोबारायांचा घेतला होता. निरूपण रंगात आले आणि त्यांनी जिजाईचा विषय काढला. तुकोबा किती शांत आणि बायको कशी कजाग, हे सांगता सांगता त्यांनी आवाज बारीक करून, कमरेवर हात ठेवून जिजाईची नक्कल केली. मंडप हसला. "ज्याच्या घरी अशी बायको, त्याला दुसरा गुरू कशाला हवा?" असे ते म्हणाले. पुन्हा हशा. मी टाळ घेऊन पुढच्याच रांगेत उभा होतो. मीही हसलो.

परत येताना गाडीवर मागे बसलेली माझी पत्नी एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढेच विचारले, "अहो, डोंगरावर भाकरी कोण नेत होतं?"

उत्तर मला ठाऊक होते. ते द्यायला तोंड उघडेना.

त्या रात्रीपासून मनात साठलेले आज लिहितो आहे. कोणाला बोचेल, पण बोचावे म्हणूनच लिहितो. नवरा-बायकोच्या भांडणाविषयी आपण माळकऱ्यांनी तीन वाईट सवयी लावून घेतल्या आहेत. बायकोच्या तक्रारीला हसायचे, ही पहिली. तक्रार करणाऱ्याला "प्रारब्ध आहे, सोसा" असे सांगायचे, ही दुसरी. आणि घरात वाद पेटला की टाळ उचलून देवळात जायचे व त्याला वैराग्य म्हणायचे, ही तिसरी. या तिन्ही सवयींना संतांचा आधार आहे अशी आपली समजूत आहे. मी म्हणतो, तसा आधार नाही. संतांच्या घरांत भांडणे झाली, मोठी झाली. पण त्यांनी ती लपवली नाहीत आणि त्यांवर हशाही पिकवला नाही. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचे ऐकणे ही साधना आहे. जो ती टाळतो त्याचा परमार्थ तेवढ्यापुरता कच्चा राहतो, मग त्याने किती का वाऱ्या केलेल्या असोत.

आधी जिजाईचाच न्याय करू. ती पुण्याच्या गुळव्यांची लेक, खात्यापित्या घरची. तुकोबांची थोरली पत्नी रखमाबाई. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात रखमाबाई अन्नावाचून गेली, तिचा मुलगा गेला. हे जिजाईने डोळ्यांदेखत पाहिले. घरात भूक काय करते हे तिला कोणी पोथीतून सांगितले नव्हते. त्यानंतर तुकोबांनी भावाच्या वाट्याची कर्जखते भावाला देऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. आपण कीर्तनात या प्रसंगाला टाळ्या देतो, आणि त्या द्यायलाच हव्यात. इतक्या माणसांच्या मानेवरचे कर्ज एका क्षणात उतरले. पण त्या संध्याकाळी चुलीपुढे जी बसली होती तिच्या पोटात काय कालवले असेल? ती ओरडली, बोलली, देवालाही बोलली. जिने भुकेने माणूस मेलेले पाहिले आहे ती बोलणारच.

आणि एवढे बोलून ती काय करीत होती? भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढत होती. तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला प्रत्यक्ष पांडुरंग आला, अशी कथा आपण सांगतो. ही कथा सांगताना आपण काय सांगतो आहोत, याचा कधी विचार केला का? जी देवाला शिव्या देत होती तिचाच पाय देवाने हातात घेतला. तिचे तोंड आधी बंद कर, मग काटा काढतो, असे देव म्हणाला नाही.

याहून मोठा पुरावा खुद्द गाथेत आहे. जिजाईची कुरकुर, तिचे टोमणे, घरात दाणा नसल्याचा तिचा त्रागा, हे सारे तुकोबांनी आपल्या अभंगांत घातले आहे. तिच्या तोंडचे बोलणे त्यांनी आपल्या वाणीत बसू दिले. ज्या गाथेचे आपण पारायण करतो, जी डोक्यावर घेऊन मिरवतो, तिच्यात बायकोची तक्रार आहे. तिला उद्देशून समजुतीचे, उपदेशाचे अभंगही आहेत. म्हणजे तुकोबांनी तिचे ऐकले, ते लिहिले आणि मग तिच्याशी ते बोलले. ते थोर होतेच, पण एवढे तरी आपल्याला जमावे. आपण मात्र तिची नक्कल तेवढी उचलली.

आणखी एक. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी जिजाईच्या पोटात नारायण होता. त्या पोराला बापाचे तोंड पाहायला मिळाले नाही. वाढवले ते तिने. पुढे 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला तो याच नारायण महाराजांनी. आषाढात आपण ज्या पालखीमागे चालतो ती जिजाईच्या कुशीतून आणि तिच्या चुलीवरून आलेली आहे. तिच्यावर हसायचे असेल तर पालखीबरोबर चालू नये.

ही गोष्ट एकट्या देहूची नाही. राजाईच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत ती रखुमाईपुढे गाऱ्हाणे घालते की, तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला वेड लावले. नामदेवांच्या परंपरेने ते अभंग जपले, गाळून टाकले नाहीत. चोखोबा एकदा सोयराबाईच्या बाळंतपणाच्या वेळी घर सोडून बहिणीकडे, निर्मळेकडे गेले, आणि इकडे देवच निर्मळेचे रूप घेऊन सोयराबाईच्या मदतीला आला, अशी कथा आहे. आपण ती देवाच्या कृपेची कथा म्हणून ऐकतो. ती नवऱ्याने टाकलेल्या जबाबदारीचीही कथा आहे. बाळंतिणीपाशी कोणीतरी असायलाच हवे होते, म्हणून देवाला यावे लागले.

आणि पंढरीची कथा? रुक्मिणी द्वारकेहून रुसून निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिचा रुसवा काढायला कृष्ण तिच्या मागोमाग आला, तेव्हा पुंडलिकाची भेट झाली, वीट आली, आणि देव उभा राहिला. आजही पंढरपुरात रखुमाईचे देऊळ वेगळे आहे. विठ्ठलाचे दर्शन घेऊन आपण मागे तिच्याकडे जातो. म्हणजे जगाचा धनी बायकोची समजूत काढायला घराबाहेर पडला, म्हणून आपल्याला पंढरी मिळाली. "काय नखरे चाललेत, येईल आपोआप" असे म्हणून तो द्वारकेत बसून राहिला असता, तर आपण कोणाच्या वारीला गेलो असतो? घरची रुसली तर "जाऊ दे माहेरी, चार दिवसांनी डोके ठिकाणावर येईल" म्हणणारा माळकरी आणि दिंडीरवनापर्यंत आलेला त्याचा देव, यांचा मेळ कसा घालायचा ते मला सांगा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जे ज्ञानोबा माउलींच्या पालखीबरोबर चालले आहेत त्यांनी मुक्कामावरची समाजआरती पाहिलेली असेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तळावर पालखी येते. सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार हातातला चोप उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. सगळा समाज गप्प आणि एका बाजूला टाळ चालू. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, तक्रार काय आहे ते ऐकून घेतो. कोणाला पाणी मिळाले नाही, कोणाचा क्रम चुकला, कोणाच्या जागेचा वाद आहे. ती ऐकून तिचा निवाडा झाला की टाळ थांबतात. हरवले-सापडले पुकारले जाते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

थोरल्या मंडळींनी केवढी समज या एका प्रथेत ठेवली आहे! तक्रार आहे, तोवर आरती नाही. तक्रार करणाऱ्याला "चूप, माउलींसमोर आवाज करतोस?" असे कोणी म्हणत नाही. त्याने टाळ वाजवायचा, हाच नियम. आणि दुसऱ्याने त्याच्यापाशी चालत जायचे, हाही नियम. चोपदार लांबून ओरडून विचारत नाही.

आता घरात या. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटतात. दार नेहमीपेक्षा मोठ्याने लागते. जेवायला वाढताना वाटी ताटावर आदळते. माउली, तो टाळ आहे. तुमच्या घरातली एक दिंडी थांबलेली नाही. आणि तुम्ही काय करता? देवघरात जाऊन आरती सुरू करता.

हे मी दुसऱ्याला सांगत नाही, माझेच सांगतो. एका वर्षी सप्ताहाच्या नियोजनाच्या बैठकीत एका पंगतीचा खर्च कोण उचलतो असे विचारले गेले. चार माणसे माझ्याकडे पाहू लागली. मी हात वर केला आणि पंधरा हजार कबूल करून आलो. घरी विचारले नाही. आमच्या मुलीचे पहिले बाळंतपण आमच्याकडे व्हायचे होते. त्यासाठी पत्नीने दुधाच्या पैशांतून बाजूला टाकलेले तेवढेच होते. मी सांगितले तेव्हा ती भांडली नाही. अबोला धरला. आठ दिवस. मी तिला अन्नदानाचे महात्म्य सांगितले, मुलगी सुखरूप बाळंत होईल, माउली पाहून घेईल असेही सांगितले. भांडी आपटत राहिली. नवव्या दिवशी रात्री मी हरिपाठाला बसलो होतो आणि आतून तो आवाज येत होता, तेव्हा मला एकदम तळावरची ती वाजत राहिलेली दिंडी आठवली. हरिपाठ पुरा केला, टाळ खाली ठेवले आणि ओटीवर तिच्यासमोर जाऊन बसलो.

मी बोलायला लागलो तर ती म्हणाली, "तुम्ही ऐका आधी. बावीस वर्षं तुम्हीच बोलताय."

मग तिने जे सांगितले त्यात पंधरा हजार फार थोडे होते. आमचा मुलगा लहान असताना मी वारीत होतो आणि तो तापाने फणफणला होता. तिने रात्री शेजाऱ्याचा टेम्पो मागून त्याला पनवेलला नेले. ही हकिकत मी दिंडीत कितीतरी वेळा सांगितली आहे, "माझ्या मागे माउलीने घर सांभाळले" म्हणून. ती म्हणाली, "माउलीनं सांभाळलं, खरं आहे. पण पावसात दार कोणी ठोठावलं, टेम्पोवाल्याचे पाय कोणी धरले, ते तुम्ही कुणाला सांगितलं? मलापण कधी विचारलं नाहीत." मी देवाला श्रेय देत होतो आणि त्या नावाखाली तिचे श्रेय खात होतो. हे मला कोणत्याही कीर्तनात कळले नव्हते.

तिच्याही काही गोष्टी निघाल्या. मुलाने हप्त्यावर मोबाइल घेतला होता ते तिने माझ्यापासून लपवले होते, आणि माझ्या पंगतीची गोष्ट मला बोलण्याआधी भावांच्या कानावर घातली होती. ते मला लागले होते, तेही मी बोललो. तिने मान्य केले. त्या रात्री सगळे सुटले असे नाही. पण तीन गोष्टी ठरल्या. देणगी असो की कर्ज, दोघांना विचारल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. दर एकादशीला हरिपाठानंतर अर्धा तास ओटीवर बसायचे. आधी एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये तोडायचे नाही. आणि वारी आळीपाळीने. एक वर्ष मी, एक वर्ष ती. तिच्या पाळीच्या पहिल्या वर्षी ती कार्तिकातल्या दिंडीबरोबर घाट चढून आळंदीला गेली आणि मी मागे म्हैस, गोठा आणि चूल सांभाळली. तांदळाची भाकरी मला अजून धड थापता येत नाही. पण इतकी वर्षे मागे राहणे म्हणजे काय असते ते त्या दिवसांत कळले. तिकडून आल्यावर ती पाया पडली, तसा मीही तिच्या पाया पडलो. शेजारचे हसले. हसू देत. वारीहून आलेल्या कोणाही अनोळखी माणसाच्या आपण पाया पडतो, वय पाहत नाही, जात पाहत नाही. मग घरच्या वारकऱ्याच्या पाया पडताना कसली लाज?

आता काही मंडळी काय म्हणतील ते मला माहीत आहे, म्हणून त्यांचे म्हणणेही घेतो.

कोणी म्हणेल, "प्रपंच मिथ्या आहे. त्यातल्या भांडणाला एवढे महत्त्व कशाला?" त्याला मी विचारतो, प्रपंच मिथ्या, तर त्या प्रपंचातला तुमचा मान खरा कसा? बायको उलट बोलली की जो ताठा दुखावतो तो मिथ्या का वाटत नाही? अहंकार जावा म्हणून आपण गळ्यात माळ घालतो. तो अहंकार जितका घरात उघडा पडतो तितका देवळात कधीच पडत नाही. देवळात सगळे "माउली" म्हणतात. घरात तुम्ही खरे कसे आहात हे एकाच माणसाला माहीत असते.

कोणी आमच्या गावाचाच दाखला देईल. "मोठ्या कामासाठी घर मागे ठेवावेच लागते. वासुदेव बळवंतांनी ठेवले नाही का?" ठेवले. शिरढोणला 1845 साली जन्मलेल्या या आमच्या आद्य क्रांतिकारकाने 1879 साली बंड उभारले, त्याच वर्षी पकडला गेला, जन्मठेपेवर एडनला गेला आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तेथेच त्याने देह ठेवला. पण त्याच्या संसाराची दुसरी बाजूही वाचा. पत्नी गोपिकाबाईंना त्याने स्वतः लिहावाचायला शिकवले, शस्त्र आणि घोडाही शिकवला, असे चरित्रकार लिहितात. त्या काळात, जेव्हा बायकोशी चारचौघांत बोलणेही वाईट समजत! आपल्या मनात काय पेटले आहे त्यात त्याने तिला वाटा दिला आणि मग तो गेला. त्यानंतरच्या वैधव्याची किंमत तिनेच मोजली. आपण गावात त्याच्या स्मारकापुढे हात जोडतो तेव्हा तिचे नाव किती जणांच्या ओठांवर येते? आणि कृपा करून आपली बरोबरी त्याच्याशी करू नका. तो इंग्रजांशी लढायला गेला होता. आपण वीजबिलाचा विषय निघाला म्हणून देवळात गेलेलो असतो.

कोणी म्हणेल, "बहिणाबाईंनी सोसले, म्हणून नवरा सुधारला. बायकांनी तोच आदर्श ठेवावा." हे तर सर्वांत धोक्याचे वाचन आहे. शिऊरच्या संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या. कोवळ्या वयात त्यांचे लग्न वयाने कितीतरी मोठ्या माणसाशी झाले. तुकोबांची ओढ लागली म्हणून, आणि तुकोबा ब्राह्मण नव्हते म्हणून, नवऱ्याने त्यांना मारले. हे आपल्याला कसे कळले? खुद्द बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत ते लिहून ठेवले म्हणून. नवऱ्याची अब्रू जाईल असा विचार करून त्यांनी मार झाकला नाही. आणि पुढे काय झाले? नवरा आजारी पडला, त्याचा ताठा उतरला, आपली चूक त्याला उमगली आणि तो तिच्यासह देहूला आला. त्या कथेत जे बदलायला हवे होते ते नवऱ्याचे मन होते, आणि तेच बदलले. कीर्तनात सोसण्याचे निरूपण तासभर करायचे आणि नवऱ्याच्या पश्चात्तापाला दोन मिनिटे द्यायची, हा बहिणाबाईंवर अन्याय आहे.

येथे एक रेघ स्पष्ट मारतो. भांडण वेगळे आणि मारहाण वेगळी. पैसा, सासर-माहेर, मुलांचे शिक्षण, शेत विकायचे की ठेवायचे, यांवरून दोघांचे जुळत नाही, तेथे दोघांनी बसावे. जेथे हात उठतो, दारू पिऊन धिंगाणा होतो, कोंडून ठेवले जाते, जेवणाखर्चाचे पैसे अडवले जातात, तेथे "दोघांनी मिळून सोडवा" असे सांगणे पाप आहे. तेथे आधी त्या बाईने सुरक्षित जागी जावे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मारहाणीबरोबर मानसिक आणि पैशांच्या छळालाही लागू आहे. 181 ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि स्त्रीला तेथे वकील फुकट मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. हे दिंडीतल्या प्रत्येक बाईला पाठ असावे. तुळस डोक्यावर घेऊन चालणारी आपली एखादी माउली अंगावरचे वळ पदराखाली झाकून चालत असेल, तर तिच्या पुढेमागे टाळ वाजवणाऱ्या आपल्याला ते दिसत कसे नाही?

उरलेल्या भांडणांचे आपण काय करतो तेही पाहू. आमच्या पनवेल तालुक्यात रीत अशी की वाद वाढला की बैठक बसते. मुलीकडचे दहा, मुलाकडचे दहा, गावातले पाच. जमिनीचा भाव, लग्नातला मानपान, दहा वर्षांपूर्वीचा शब्द, सगळे निघते. चहा होतो, आवाज चढतात. ज्या दोघांचे भांडण ते दोघे मात्र कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले असतात. त्यांना कोणी विचारत नाही. शेवटी "झालं गेलं विसरा, नांदा" असे सांगून उठतात. तक्रार कोणी ऐकलीच नाही, फक्त टाळ हातातून काढून घेतले. सहा महिन्यांनी पुन्हा तेच, किंवा मग एकदम कोर्ट. काही जण त्याहून वाईट करतात. अंगारा, लिंबू, कोणातरी बाबाचा उतारा. माळ घातलेल्या माणसाने तुकोबांचे नाव घेऊन हे करावे, याहून मोठी नाचक्की नाही.

तरुण जोडप्यांना मला वेगळे सांगायचे आहे. तुमची अडचण आमच्यापेक्षा निराळी आहे. एक जण तळोज्याला पाळीवर, दुसरी नवी मुंबईत कामाला; घरी येईपर्यंत रात्र होते आणि उरलेला तास मोबाइल खातो. तुमच्याकडे भांडायलासुद्धा वेळ नाही, म्हणून तुमचे भांडण व्हॉट्सअॅपवर होते. तसे करू नका. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. आठवड्यातून एक वेळ ठरवा आणि समोर बसा. आणि दोघांना बसून जमेना, तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका. आम्हा जुन्या माणसांना वाटते की तेथे वेड लागलेले लोक जातात. नाही. समुपदेशक म्हणजे चोपदार. तो कोणत्याच दिंडीचा नसतो. तो दोन्ही बाजूंचे टाळ थांबेपर्यंत उभा राहतो आणि ऐकतो. निवाडा त्याने करायचा नसतो. तो तुम्ही दोघांनी करायचा.

शेवटी कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती. तुमच्या एका वाक्याने मंडप हसतो, तसाच तुमच्या एका वाक्याने मंडप गंभीरही होतो. पुढच्या वेळी जिजाईचा विषय निघेल तेव्हा नक्कल करू नका. तिच्या पायातला काटा सांगा, तिची भाकरी सांगा, तिने वाढवलेला नारायण सांगा. समोर बसलेल्या बायकांच्या बाजूला एकदा पाहा. तुम्ही नक्कल करता तेव्हा त्यांच्यातली कितीतरी जणी हसत नसतात.

आणि वाचक माउली, तुम्हाला एवढेच. हा अंक वाचून झाला की खाली ठेवा. आज घरात कोणते टाळ वाजत आहेत ते ऐका. लांबून विचारू नका, जवळ जाऊन बसा. आधी ऐका, मध्ये तोडू नका. चूक असेल तर कबूल करा. तुमचेही काही दुखणे असेल तर तेही सांगा. आरती थोडी उशिरा झाली तरी चालेल. पांडुरंगाला थांबायची सवय आहे. तो विटेवर उभा आहेच.

रामकृष्णहरी.